विश्लेषण : दातातली ‘चांदी’ २०३४पर्यंत हद्दपार, मालवण किनाऱ्यावर तिच्या जागी काय येणार?

किडलेल्या दाढेत भरली जाणारी करडी ‘चांदी’ आता मोजक्याच वर्षांची सोबती आहे. पाऱ्याच्या वापरावर नियंत्रण आणणाऱ्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी नोव्हेंबर २०२५मध्ये जिनिव्हातील परिषदेत तिच्या निरोपासाठी २०३४ ही मुदत ठरवली. भारताने या करारावर २०१४मध्ये सही केली आणि २०१८मध्ये त्याला औपचारिक मान्यता दिली, त्यामुळे हा निर्णय आपल्यालाही लागू आहे. ज्या किनाऱ्यावर मासळीशिवाय जेवण पुरे होत नाही, तिथे पारा कमी होणे ही चांगलीच बातमी. पण दाढेचा प्रश्न वेगळा आहे. स्वस्त आणि दणकट चांदी गेल्यावर ग्रामीण रुग्णालयाच्या खुर्चीत बसलेल्या रुग्णाच्या दातात काय भरायचे, ते किती वर्षे टिकेल आणि त्यासाठी त्याला किती वेळा एसटी पकडावी लागेल?

चांदीत चांदी किती?

लोक जिला चांदी म्हणतात ते खरे तर अमाल्गम. त्यात वजनाने जवळपास निम्मा भाग पारा असतो. उरलेल्या भागात चांदी, कथील आणि तांबे यांची बारीक भुकटी असते. पारा नेहमीच्या तापमानाला द्रव असतो, ही त्याची सगळ्यात उपयोगी खोड. भुकटीत तो मिसळला की काही मिनिटे लोण्यासारखा मऊ गोळा मिळतो. तो खड्ड्यात दाबून बसवायचा आणि वर दाढेचा आकार कोरायचा. पुढच्या काही तासांत त्याचा टणक धातू होतो. भट्टी लागत नाही, दिवा लागत नाही आणि तोंडात थोडी लाळ असली तरी काम अडत नाही.

पूर्वी डॉक्टर हा गोळा खलात घोटत आणि जादा पारा फडक्यातून पिळून काढत. काही जण तर तो चक्क तळहातावर मळत. पुढे मोजून भरलेल्या कॅप्सूल आल्या. युरोपात १९व्या शतकाच्या पूर्वार्धात रुळलेला हा पदार्थ एवढा टिकला, याचे कारण एकच : जिथे बाकी काहीच धड नसते, तिथेही तो काम देतो. वीज जाते, मदतनीस नसतो, बाहेर रांग असते आणि रुग्णाला परत लवकर येणे जमणार नसते. जिल्ह्याच्या ठिकाणापासून लांबच्या सरकारी दवाखान्याचे हेच तर वर्णन आहे.

दातातला पारा आणि ताटातली सुरमई

कराराला मिनामाता हे नाव जपानमधील एका मासेमारी गावावरून मिळाले. चिस्सो कंपनीच्या रासायनिक कारखान्यातून मिनामाताच्या खाडीत पारामिश्रित सांडपाणी वर्षानुवर्षे सोडले जात होते. १९५६मध्ये तिथल्या विचित्र आजाराची पहिली अधिकृत नोंद झाली. हातपाय थरथरणे, दृष्टी आक्रसणे, बोबडी वळणे अशी लक्षणे होती आणि जन्मणाऱ्या बाळांमध्येही अपंगत्व दिसू लागले. रोगाचे मूळ मासळीत निघाले. करार २०१३मध्ये स्वीकारला गेला आणि ऑगस्ट २०१७पासून अमलात आला.

पाण्यातल्या जिवाणूंमुळे पाऱ्याचे मिथिल मर्क्युरी या घातक संयुगात रूपांतर होते. ते प्लवकांत शिरते, तिथून तारलीसारख्या छोट्या मासळीत आणि तिथून मोठ्या शिकारी माशांत. प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. त्यामुळे एकाच समुद्रातल्या बांगड्यापेक्षा सुरमईत आणि सुरमईसारख्या माशांवर जगणाऱ्या मोठ्या मोरीत ते अधिक साठण्याची शक्यता असते. गर्भवतींनी मोठे शिकारी मासे टाळून छोटी मासळी खावी, असा सल्ला अनेक देशांच्या आरोग्य यंत्रणा देतात, तो यामुळेच.

याचा अर्थ मालवणच्या डेंटिस्टने भरलेली चांदी उद्या सुरमईच्या तुकडीतून परत येते, असा घेऊ नये. जगातील पाऱ्याच्या प्रदूषणात सर्वात मोठा वाटा छोट्या सोन्याच्या खाणींचा आहे आणि त्याखालोखाल कोळसा जाळण्याचा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०१८च्या अहवालानुसार हवेत जाणाऱ्या पाऱ्यापैकी सुमारे ३८ टक्के या खाणींतून, तर सुमारे २१ टक्के कोळशाच्या ज्वलनातून येतो. दातांचा वाटा त्यापुढे किरकोळ. तो तीन वाटांनी बाहेर पडतो : दवाखान्याच्या बेसिनमधून गटारात, उरलेल्या भुकटीतून कचऱ्यात आणि शेवटी सरणावर. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो, चितेचे तापमान त्याहून बरेच जास्त असते. मृतदेहाच्या दातातला पारा त्यामुळे वाफ होऊन हवेत जातो. दहनाची प्रथा असलेल्या देशात हा मुद्दा अगदीच पुस्तकी नाही.

गटाराच्या वाटेवर उपाय आहे. खुर्चीच्या नळीला जोडलेला सेपरेटर किमान ९५ टक्के अमाल्गम अडवतो. युरोपात तो सक्तीचा आहे. २०३४ उजाडेपर्यंत जी चांदी भरली जाईल आणि त्यानंतरही कैक वर्षे जी जुनी चांदी कोरून काढली जाईल, तिच्यासाठी हे यंत्र लागणारच आहे. बंदीच्या गाजावाजात नेमकी हीच गोष्ट मागे पडते.

तोंडातली जुनी चांदी काढून टाकावी का?

नाही, ती शाबूत असेल तर नाही. उलट कोरताना पाऱ्याची वाफ अधिक सुटते आणि चांगला दातही थोडा जातो. मुलांवर झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २००६मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात ५३४, तर पोर्तुगालमधील लिस्बनमध्ये ५०७ मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला. चांदी भरलेल्या मुलांच्या बुद्धीवर किंवा मूत्रपिंडावर इतर मुलांच्या तुलनेत वाईट परिणाम दिसला नाही. बंदीमागे मुख्य कारण पर्यावरणाचे आहे, रुग्णाच्या तोंडातील विषबाधेचे नव्हे. तरीही सावधगिरी म्हणून २०२२च्या परिषदेत १५ वर्षांखालील मुले, दुधाचे दात, गर्भवती आणि स्तनदा माता यांच्यासाठी अमाल्गम वापरू नये किंवा वापरू नये अशी शिफारस करावी, असे सदस्य देशांनी ठरवले. नॉर्वे आणि स्वीडन तर २००८-०९च्या सुमारासच पाऱ्यापासून दूर गेले. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५पासून काही अपवाद वगळता अमाल्गम बंद आहे.

दाताच्या रंगाचे फिलिंग : सुंदर, पण नखरेल

शहरात चांदीची जागा कधीच कंपोझिटने घेतली. दाताच्या रंगाचे, आरशात न दिसणारे हे फिलिंग. त्याची कहाणी गमतीची आहे. अमेरिकेतील मायकेल बुओनोकोर यांनी १९५५मध्ये दाताच्या कवचावर फॉस्फोरिक आम्ल लावून पाहिले. धातूवर रंग घट्ट बसावा म्हणून कारखान्यांत हे आम्ल वापरत, तीच कल्पना त्यांनी दातावर आणली. होडीला रंग लावण्याआधी फळ्या घासून खरखरीत करतात, तसेच हे. आम्लाने कवचात सूक्ष्म खाचा पडतात, त्यात प्लास्टिकसारखे रेझिन शिरते आणि अडकून बसते. पुढे १९६०च्या दशकात राफेल बोवेन यांनी बिस-जीएमए हे रेझिन आणि काचेची बारीक पूड यांची सांगड घातली. आजचे कंपोझिट त्याच घराण्यातले.

मग अडते कुठे? पहिली अडचण आकसण्याची. निळ्या प्रकाशाच्या झोतात कंपोझिट घट्ट होते तेव्हा त्याचे आकारमान साधारण दोन-तीन टक्क्यांनी कमी होते. आकडा छोटा वाटतो, पण खड्ड्याच्या भिंतीशी केसाएवढी फट पडायला तेवढे पुरते. त्या फटीत जिवाणू शिरतात आणि फिलिंगखाली पुन्हा कीड लागते. म्हणून डॉक्टर एकावर एक पातळ, सुमारे दोन मिलिमीटरचे थर देतात आणि प्रत्येक थरावर दिवा धरतात. अलीकडच्या ‘बल्क-फिल’ प्रकारात चार मिलिमीटरपर्यंतचा थर एकदम चालतो.

दुसरी अडचण ओलाव्याची. चिकटवण्याच्या क्षणी लाळेचा थेंब लागला तरी जोड कच्चा राहतो. दाढेभोवती रबराची चादर ताणून बसवावी लागते, हाताशी मदतनीस लागतो आणि वेळ चांदीपेक्षा बराच अधिक जातो. दिवे आता बॅटरीवर चालतात, ती चिंता मिटली आहे. पण ड्रिलला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरला वीज लागतेच आणि किनाऱ्यावर ती किती दिवस जाऊ शकते हे मे २०२१च्या तौक्ते वादळाने दाखवले आहे. चिकटवण्याची काही द्रावणे फ्रिजमध्ये ठेवावी लागतात, हा आणखी एक खर्च.

संशोधन काय सांगते? वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२१मध्ये दाढांच्या फिलिंगचे अभ्यास एकत्र तपासले. कंपोझिट निकामी होण्याचे प्रमाण अमाल्गमच्या जवळपास दुप्पट आढळले, पुन्हा कीड लागण्याचेही तसेच. पुरावा फार भक्कम नाही, असेही कॉक्रेननेच म्हटले आहे. अभ्यास जुने आहेत आणि साहित्य त्यानंतर सुधारले आहे. पण आरशात छान दिसणारे फिलिंग जास्त टिकते, हा सर्वसाधारण समज यातून सिद्ध होत नाही, हे नक्की.

साध्या सिमेंटचे दिवस

दुसरा पर्याय ग्लास आयोनोमर सिमेंट, म्हणजे लोकांच्या भाषेत नुसते ‘सिमेंट’. ब्रिटनमधील अॅलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी ते १९६०च्या दशकाच्या अखेरीस तयार केले. विशिष्ट काचेची पूड आणि पॉलिअॅक्रिलिक आम्ल एकत्र घोटले की काही मिनिटांत ते आपोआप घट्ट होते, दिव्याची गरज नाही. दातातील कॅल्शियमशी ते थेट रासायनिक बंध जोडते आणि आसपासच्या दाताला हळूहळू फ्लोराइड पुरवत राहते. लाळेचे त्याला कंपोझिटइतके वावडे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत दातांसाठीच्या गोष्टी घेतल्या, त्यात हे सिमेंट, फ्लोराइड टूथपेस्ट आणि सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड होते.

मशेरी लावणाऱ्यांच्या हिरड्यांजवळ दात झिजून खाचा पडतात. कोकणात हे दृश्य नवे नाही. अशा खाचेत दात फारसा न कोरता सिमेंट बसवता येते. याहून मोठी गोष्ट म्हणजे ड्रिलशिवाय होणारे उपचार. १९८०च्या दशकात टांझानियात डॉक्टरांनी फक्त हातातील अवजारांनी मऊ कीड खरवडून खड्डा सिमेंटने बुजवायला सुरुवात केली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४च्या जागतिक आरोग्य दिनी ही पद्धत उचलून धरली. खुर्ची, कॉम्प्रेसर, वीज यातले काहीच नको. शाळेच्या बाकावरही हे काम होते.

दोष एकच, पण मोठा : सिमेंट ठिसूळ आहे. दोन दाढांच्या मध्ये पडलेल्या रुंद खड्ड्यात, जिथे चावण्याचा पूर्ण भार येतो, तिथे ते तुटते किंवा झिजते. सध्याचे संशोधन बरेचसे या एका दोषाभोवती फिरते. पूड अधिक दाट केली जाते, झिर्कोनियासारखे कठीण कण मिसळले जातात, वर रेझिनचा पातळ लेप दिला जातो. तुर्कस्तानातील हॅसेटेपे विद्यापीठात ५९ रुग्णांच्या १४० फिलिंगचा १० वर्षे पाठपुरावा झाला. मर्यादित आकाराच्या खड्ड्यांत लेप दिलेले सुधारित सिमेंट आणि कंपोझिट यांच्या टिकाऊपणात लक्षणीय फरक दिसला नाही. ही बाब दिलासा देणारी आहे, पण ‘मर्यादित आकाराच्या’ हे शब्द विसरता कामा नयेत. सरकारी दवाखान्यात दाढ ठणकू लागल्यावर माणूस येतो, तेव्हा खड्डा सहसा मर्यादित राहिलेला नसतो.

इथे एक सावधगिरी हवी. नव्या साहित्यावरचे अनेक प्रयोग काढलेल्या दातांवर प्रयोगशाळेत होतात. यंत्राने दाब द्यायचा, कधी तुटते ते मोजायचे. ही माहिती उपयोगी असते, पण तोंडात गरम चहा, थंड सोलकढी, लाळ, जिवाणू आणि रोज शेकडो वेळा चावणे हे सगळे एकाच वेळी चालू असते. दवाखान्यासाठी खरेदी करताना यंत्रावरच्या बळापेक्षा पाच-दहा वर्षांच्या चाचणीला जास्त वजन द्यायला हवे.

राहिले सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. किडीवर थेंब लावला की ती बऱ्याचदा थांबते. सुई नाही, ड्रिल नाही. किडलेला भाग मात्र काळा पडतो आणि मुलाच्या पुढच्या दातावर ते आईवडिलांना पटत नाही. एका दाराने चांदी बाहेर चालली आहे आणि दुसऱ्या दाराने थेंबाच्या रूपात आत येते आहे.

फिलिंग फसले की कवळीचा रस्ता

दोन वर्षांत निखळलेले फिलिंग म्हणजे पुन्हा खेप. ती चुकली तर कीड नसेपर्यंत जाते, मग रूट कॅनल आणि कॅप किंवा थेट दात काढणे. सिंधुदुर्गात हा हिशोब विशेष जड आहे. २००१मध्ये ८ लाख ६८ हजारांवर असलेली जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ८ लाख ४९ हजारांवर आली. कामासाठी मुंबईकडे जाणारी पिढी आणि गावात मागे राहिलेले वडीलधारे, हे चित्र इथल्या प्रत्येक वाडीला ओळखीचे आहे. देवबागच्या किंवा आचऱ्याच्या आजींना दवाखान्यात नेणारे माणूस घरात नसते. मालवणात ग्रामीण रुग्णालय आहे, कणकवली आणि सावंतवाडीला उपजिल्हा रुग्णालये, ओरोसला जिल्हा रुग्णालय. शासकीय दंत महाविद्यालय मात्र जिल्ह्यात नाही. राज्यातील अशी महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. त्यापेक्षा गोव्यातील बांबोळी जवळ. तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची वाट सिंधुदुर्गच्या रुग्णांना पाठ आहे आणि गोव्याचे दंत महाविद्यालयही बांबोळीलाच आहे.

पूर्ण कवळीला साधारण पाच भेटी लागतात : पहिले माप, पक्के माप, चावा जुळवणे, मेणातली चाचणी आणि शेवटी बसवणे. त्यानंतर टोचते म्हणून आणखी एक-दोन. पहिले माप ज्या पुडीत घेतात ते अल्जिनेट तपकिरी समुद्री शेवाळापासून बनते. मालवणच्या खडकांवर दिसणारे सरगॅसम त्याच कुळातले. दुसऱ्या महायुद्धात जपानकडून येणारे अगर बंद झाले, तेव्हा दंतवैद्यकाने हा पर्याय शोधला आणि तो आजही टिकून आहे.

कवळी म्हणजे तीच जुनी अॅक्रिलिकची, १९३०च्या दशकापासून चालत आलेली. तिने भात, भाकरी जमते. मासे खाताना मात्र वेगळीच अडचण येते. वरची कवळी टाळू झाकते, त्यामुळे जिभेला काटा समजत नाही आणि तो घशात जाण्याचा धोका वाढतो. किनाऱ्यावरच्या माणसासाठी ही लहान बाब नाही. टायटॅनियमचे दोन इम्प्लांट खालच्या जबड्यात बसवून त्यावर कवळी अडकवावी, हाच पहिला पर्याय मानावा, असे तज्ज्ञांनी कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात २००२मध्येच एकमताने म्हटले होते. सरकारी व्यवस्थेत तो अजून दूरच आहे.

उलट जे चैनीचे वाटते ते गावासाठी जास्त कामाचे ठरू शकते. तोंडाचे डिजिटल स्कॅन आणि थ्रीडी छपाईने बनवलेली कवळी यांमुळे भेटी पाचवरून दोन-तीनवर येऊ शकतात. दात नसलेल्या मऊ हिरडीचे स्कॅन अजून अवघड जाते, पण जुन्या पद्धतीचे माप स्कॅन करून लांबच्या लॅबला पाठवता येते. केंद्राच्या २०१७च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना द्यायच्या साधनांत काठी, चष्मा, श्रवणयंत्राबरोबर कवळीचाही समावेश आहे. शेजारच्या कर्नाटकात ‘दंत भाग्य’ आणि केरळात ‘मंदहासम’ या नावाने मोफत कवळीच्या स्वतंत्र योजना आहेत. काठी शिबिरात वाटता येते, कवळी नाही. तिला पाच वेळा बोलवावे लागते आणि शिबिरांची घडी तिथेच विस्कटते.

ठरायचे काय बाकी आहे?

चांदीची किंमत फक्त साहित्याच्या पाकिटावर मोजली तर ती स्वस्त आणि कंपोझिट महाग. पण हिशोबात डॉक्टरचा वेळ, बुडालेली मजुरी, एसटीचे भाडे आणि फिलिंग टिकण्याची वर्षे धरली तर उत्तर खड्ड्यागणिक बदलते. छोट्या खड्ड्याला सिमेंट, मोठ्याला काळजीपूर्वक भरलेले कंपोझिट आणि मुलांच्या किडीला थेंब, अशी वाटणी शक्य आहे. त्यासाठी दवाखान्यात तिन्ही साहित्य एकाच वेळी हवे, मुदत न संपलेले हवे. सिमेंटच्या पुडीचे झाकण पावसाळ्यात उघडे राहिले तरी ती बिघडते. रबराची चादर ताणायला मदतनीस हवा. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमातून २०१४-१५पासून दवाखान्यांत दंत विभाग उभारायला मदत मिळते, पण खुर्ची एकदाच घ्यावी लागते आणि साहित्य दर महिन्याला.

खड्डा पडूच न देण्याचा मार्ग तर आहेच. कायमची पहिली दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास उगवते आणि तिच्या खोल खाचांत सर्वात आधी कीड लागते. या खाचा सीलंटने किंवा सिमेंटने बुजवता येतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा-अंगणवाड्यांत मुलांचे दात तपासतातच. २०२६मध्ये पहिलीत बसलेले मूल २०३४ उजाडेल तेव्हा १४ वर्षांचे असेल. म्हणजे १५ वर्षांखालील मुलांबाबतचे धोरण आणि अंतिम मुदत दोन्ही पाळल्या गेल्या, तर त्याच्या त्या दाढेत चांदी कधीच जाणार नाही.